झाडांच्या सालीवर राखाडी-हिरवे चट्टे भरपूर आहेत, म्हणजे हवा स्वच्छ आहे का?

तुम्ही सेमिनरी हिल्सवर फिरताना हे चट्टे पाहिलेत आणि 'मग नागपूरची हवा चांगलीच म्हणायची ना?' असं विचारलंत. एवढ्यावरून नाही म्हणता येत. चट्टे किती आहेत, त्यापेक्षा कोणते आहेत ते बघायचं असतं.

हे शैवाक. सावजी मसाल्यातलं दगडफूल याच्याच भाऊबंदांपैकी. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. याला मुळं नाहीत, पानांवर असतो तसा मेणाचा थर नाही. पाऊस, दव, धूळ, जे अंगावर पडेल ते थेट आत. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर मखमलीसारखं चढणारं मॉसही तसंच. त्याचं पान बहुधा एका पेशीएवढंच जाड.

युरोपात पूर्वी गंधकाच्या धुरानं शैवाक गेले होते. धूर कमी झाला, शैवाक परतले, पण वेगळेच! गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि शेण-मूत्र, युरियातून उडणारा अमोनिया ज्यांना मानवतो, ते फोफावले. अमोनियानं सालीची आम्लता उतरते, मग आम्लता लागणाऱ्या जातींना तिथं थारा नाही. म्हणून मोठ्या वनस्पतींना घनमीटरला ३ मायक्रोग्रॅम अमोनियाची मर्यादा धरतात, तर शैवाक-मॉसना फक्त १. स्कॉटलंडमधल्या व्हिम बॉग दलदलीत २००२ पासून मुद्दाम नायट्रोजन सोडून पाहिला. पाण्यातून दिलेल्यापेक्षा हवेतून आलेल्या अमोनियानं शैवाक आणि मॉसचं जास्त नुकसान केलं.

माझ्या मामाच्या गोठ्याशेजारी आंबा आहे. खोडावर शेणखड्ड्याच्या अंगाला सालीला घट्ट चिकटलेले, पिठूळ चट्टे दाटलेत. झालरीसारखं सुटं, पानासारखं काही औषधालाही नाही. आता दोष एकट्या अमोनियाला देऊ नका हं. मे महिन्यातलं आपलं ४५ अंशांचं ऊन अशा झालरीदार, नाजूक शैवाकांना तसंही जगू देत नाही. त्यामुळे सेमिनरी हिल्सची तुलना थंड हवेच्या चिखलदऱ्याशी करू नका, नागपूरच्याच गोरेवाड्याशी करा. रस्त्याकडचं झाड आणि आतलं झाड, जात तीच, जाडीही तेवढीच घ्या. भिंग न्या, पाणी फवारायची बाटलीही. दोन शिंतोडे मारले की राखाडी चट्टा मिनिटभरात हिरवा होतो, आणि मग कडा, रंग, पिठूळपणा नीट दिसतो.