फोर की ट्विन? आधी टॅपेट कधी बघितलं ते सांगा

चारशे सीसीत चार सिलिंडरची मोटरसायकल मिळायला लागल्यापासून माझ्याकडच्या पत्रांत एकच घोळ चालू आहे: इनलाइन-फोर (चार सिलिंडर एका ओळीत) चांगली की व्ही-ट्विन (दोन सिलिंडर व्ही आकारात)? विचारणाऱ्यानं मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून मत आधीच पक्कं केलेलं असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो. तो मिळणार नाही. साताऱ्यात एमआयडीसीला बावीस वर्षं मोठ्या गाड्या उघडतोय आणि दोन्ही जातींची इंजिनं टेबलावर सुटी पडलेली पाहिली आहेत. तुंबलेली उत्तरं आज एकदमच देतो.

कोरेगाव: माझी रॉयल एनफिल्ड ६५० आहे. मित्र म्हणतो ती व्ही-ट्विन. खरं का?

नाही. पॅरलल ट्विन. टाकीखाली वाकून बघा, दोन्ही सिलिंडर शेजारीशेजारी उभे दिसतील. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली धावण्यानं फिरणारा दांडा) २७० अंशांचा असल्यामुळे फायरिंग व्ही-ट्विनसारखं ऐकू येतं, एवढंच.

तासगाव: आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करतोय. आमच्याकडे दोन्हींपैकी एकही इंजिन नाही. नेमका फरक काय?

तुला सविस्तर सांगतो, कारण तू शिकायला विचारतोयस.

फोरमध्ये चार पिस्टन एका ओळीत, गाडीला आडवे. बाहेरचे दोन वर असतात तेव्हा आतले दोन खाली. क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक धमाका होतो, म्हणून आवाज अखंड, शिट्टीसारखा चढत जातो. होंडानं १९६९ साली सीबी ७५० आणली आणि पुढची कित्येक वर्षं जपानी स्पोर्ट गाडीचा साचा हाच राहिला.

व्ही-ट्विनमध्ये दोन मोठे पिस्टन एकाच क्रँकपिनवर. डुकाटी दोघांत ९० अंशांचा कोन ठेवते. एक धमाका झाला की २७० अंशांनी दुसरा, आणि मग ४५० अंशांची लांब उसंत. ठोका लंगडत पडल्यासारखा वाटतो तो यामुळे. ९० अंशांचा फायदा असा की क्रँकवरच्या वजनानं मुख्य थरथर जवळजवळ सगळी मिटते. तोटा असा की इंजिन अरुंद असलं तरी लांब होतं, पुढचा सिलिंडर चाकाला भिडायला बघतो. म्हणून एप्रिलियानं आरएसव्ही मिलेला ६० अंशांचा कोन दिला आणि केटीएमनं आरसी८ ला ७५ अंशांचा. कोन कमी केला की थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट घालावे लागतात.

आता वहीत एक गणित कर. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकच्या (पिस्टन वरून खाली जातो त्या अंतराच्या) दुप्पट गुणिले आरपीएम (क्रँकच्या मिनिटाला फेऱ्या). कावासाकी झेडएक्स-४आर या फोरचा स्ट्रोक ३९.१ मिलीमीटर, तिची ताकद १४,५०० आरपीएमला येते. वेग निघतो सेकंदाला सुमारे १९ मीटर. डुकाटीच्या ९५५ सीसीच्या पानिगाले व्ही२ या ट्विनचा स्ट्रोक ६०.८, ताकद १०,७५० ला. वेग सुमारे २२ मीटर. एक चौदा हजारांवर किंचाळते, दुसरी दहा हजारांवर गुरगुरते, पण आतल्या पिस्टनची धावपळ जवळपास सारखीच. म्हणून “फोरचं इंजिन जास्त फिरतं म्हणजे लवकर झिजतं” असं कुणी सांगितलं तर त्याला आधी स्ट्रोक विचार.

ताकदीचं म्हणशील तर तेवढ्याच सीसीत फोरच वरचढ. वर्ल्ड सुपरबाइक शर्यती १९८८ साली सुरू झाल्या तेव्हा ट्विनला १००० सीसीची मुभा होती आणि फोरला ७५०. २००३ पासून फोरलाही १००० सीसी मिळाले, तेव्हा २००८ साली ट्विनची मर्यादा १२०० करावी लागली. सवलत कुणाला द्यावी लागते, यातच उत्तर आलं. डुकाटीनंसुद्धा २०१८ ला आपली सर्वांत मोठी पानिगाले चार सिलिंडरची केली.

तरीही ट्विनचा ठोका वाया गेलेला नाही. यामाहानं २००९ च्या आर१ ला क्रॉसप्लेन क्रँक दिला आणि चार सिलिंडर असूनही धमाके २७०-१८०-९०-१८० अशा अंतरानं बसवले, म्हणजे वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकाची पकड चालवणाऱ्याला नीट कळावी. एखाद्या शनिवारी गॅरेजवर ये, दोन्ही क्रँक हातात देतो.

वाई: पसरणी घाटात कोणती पुढे जाईल?

पाचगणीला निघालेल्या एसटीच्या मागे दोन्ही सारख्याच.

गंमत सोडा. ट्विनला खालच्या आरपीएमवर दम असतो, हे खरं. पण तीन हजारांच्या खाली मोठी ट्विन हिसके देते, चेन खडखडते, आणि घाटातल्या हेअरपिनला क्लच अर्धा धरून चालवावी लागते. फोर तिथं लोण्यासारखी चालते, दमाला मात्र उशिरा येते. उतरताना ट्विनचं इंजिन ब्रेकिंग जोरात लागतं. पहिल्या पावसात घाटात लाल चिखल आणि डिझेल एकत्र असतं, तेव्हा गिअर घाईनं खाली पाडला तर मागचं चाक उड्या मारतं. स्लिपर क्लच (इंजिन ब्रेकिंगचा झटका कमी करणारा) असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. घाटात शर्यत लावायची असेल तर मला पत्र लिहू नका.

सांगली: एप्रिलमध्ये कॉलेज कॉर्नरला उभं राहिलं की माझ्या ट्विनवर मांडी भाजते. इंजिनात दोष आहे का?

दोष नाही, रचना आहे. मागचा सिलिंडर तुमच्या सीटखालीच आहे. फोरचे चारही सिलिंडर समोरून वारा खातात, ट्विनच्या मागच्याला उष्टा वारा मिळतो. रेडिएटरचा फॅन मात्र लागलाच पाहिजे. तो लागत नसेल किंवा तापमानाचा आकडा नेहमीपेक्षा वर जात असेल तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि दाखवून घ्या. कूलंटच्या जागी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतणारे महाभाग आहेत. गरम रेडिएटरचं झाकण उघडणारेही आहेत, त्यातल्या एकाचा हात मी पाहिलाय.

सातारा: फोरला व्ही-ट्विनचा आवाज देणारा सायलेन्सर मिळतो म्हणे. बसवू का?

नको. ठोका क्रँकमध्ये असतो, सायलेन्सरमध्ये नाही. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहे: आवाजाचं प्रमाण मोडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद.

मिरज: माझी सहाशे सीसीची फोर २८,००० चालली आहे. पुस्तकात व्हॉल्व्ह तपासा असं लिहिलंय. पण गॅरेजवाला म्हणतो, टॅपेटचा आवाज नाही, तर इंजिन उघडायचं कशाला, कंपनीचं सील तुटतं. पुढच्या दिवाळीला केलं तर चालेल का?

नाही चालणार. हेच पत्र मला दर महिन्याला येतं, फक्त गाव बदलतं.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट. आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक, हे शंभर सीसीच्या गाडीचं गणित आहे. तिथं रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा) झिजतो, फट वाढते आणि टिकटिक ऐकू येते. तुमच्या गाडीत व्हॉल्व्हवर टोपीसारखी बकेट आणि तिच्याखाली शिम (फट ठरवणारी जाड-पातळ चकती) आहे. तिथं झिजते ती व्हॉल्व्हची बैठक. व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरच्या माथ्यात) वर सरकतो, कॅम (बकेट दाबून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि बकेटमधली फट कमी होत जाते. फट कमी म्हणजे आवाजही कमी. इंजिन जितकं गोड, तितकं संकट जवळ. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. बैठकीला टेकल्याशिवाय त्याची उष्णता उतरत नाही, आणि मग तो जळतो. पहिला नंबर एक्झॉस्टचा.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक फोर आली, ३८,००० रनिंग. मालकाची तक्रार एवढीच की सकाळी सेल्फ तीनदा मारावा लागतो. टाकी, एअरबॉक्स एकेक उतरवत हेड कव्हर काढलं. आत कॅम आरशासारखे, बघून कुणीही म्हणेल नवं इंजिन. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली) ०.१० मिलीमीटरची पाती लावली, शिरली नाही. ०.०५ ची लावली, तीही नाही. पुस्तकात किमान ०.२२ हवी. सिलिंडरमध्ये हवा भरली तर सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस, हात धरला की तळव्याला वारा. हेड उतरवलं तेव्हा त्या व्हॉल्व्हची कड नखाएवढी जळून गेलेली. मालक शेजारी उभा होता. म्हणाला, “पण आवाज तर कधीच आला नाही हो.”

ट्विनवाल्यांनी खूश होऊ नये. फोरला १६ व्हॉल्व्ह आणि ट्विनला ८, म्हणून ट्विनचा खर्च निम्मा, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. डुकाटीच्या डेस्मो या व्हॉल्व्हच्या रचनेत व्हॉल्व्ह उघडायलाही रॉकर आणि मिटवायलाही रॉकर, म्हणजे प्रत्येकी दोन फटी. आठ दुणे सोळाच. शिवाय हेड दोन ठिकाणी, आणि मागच्या हेडपर्यंत पोचायचं तर अर्धी गाडी उतरवावी लागते. ८९० सीसीच्या नव्या व्ही२ मध्ये डुकाटीनं डेस्मो सोडून साधे स्प्रिंग घेतले, त्या गाडीचं वेळापत्रक वेगळं. बऱ्याच जपानी फोरना २४,००० किलोमीटरच्या आसपास तपासणी सांगितलेली असते, तरी आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकातला धरायचा, माझ्या लेखातला नाही.

आणि ते “सील”! हेड कव्हरला रबरी गॅस्केट असतं, ते बदलता येतं. सील तुटेल असं सांगणाऱ्याकडे बहुधा शिमचा डबा नसतो. दुसरी जात “टॅपेट पॅकेज” विकणाऱ्यांची: बाटलीतलं औषध, इंजिन फ्लश, चकचकीत बिल, आणि कव्हरच्या बोल्टवर धूळ जशीच्या तशी. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक व्हॉल्व्हची फट आधी किती होती आणि नंतर किती, हे सोळा जागांचं लिहून मागा. बदललेले जुने शिमही मागा. ज्यानं काम केलंय तो लगेच देतो.

फट थंड इंजिनवरच मोजतात. गाडी आदल्या संध्याकाळी लावून जायची. “बसतो, तासाभरात करून द्या” म्हणणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. माझ्याकडेच या असं नाही. ज्याच्याकडे तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, शिम आणि संयम आहे त्याच्याकडे जा, पण या महिन्यात जा.

विटा: जुनी ह्योसंग जीटी ६५० आर स्वस्तात मिळतेय. खरी व्ही-ट्विन आहे ना? घेऊ का?

खरी आहे, ९० अंशांची. आणि अनेकांना माहीत नसतं, तिची जुळणी आपल्याच सातारा जिल्ह्यात व्हायची. पण भारतातले भागीदार बदलत गेले. आता सुटा भाग मिळणार कुठून हे आधी शोधा, किंमत नंतर ठरवा. मीटर मागे केलेलं असू शकतं. त्यापेक्षा ब्रेक डिस्कची झीज आणि फूटरेस्टचं रबर खरं बोलतं. परराज्यातली असेल तर एनओसीशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. चेसिस नंबर आरटीओत पडताळा आणि गाडी एकदा माहितगाराच्या स्टँडवर चढवा.

कराड: मुलाला नुकतीच अठरा पूर्ण झाली. चार सिलिंडरची चारशे मागतोय. म्हणतो, “बाबा, चारशेच तर सीसी आहे.” काय करू?

दादा, सीसी मोजू नका. कावासाकीची ती चारशे ७७ पीएस (अश्वशक्ती) देते. शेजारी बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ दोन सिलिंडरची, सीसी तिच्याहून जास्त, आणि ताकद ४७.६ पीएस. फोरची गंमत वरच्या आरपीएमवर असते, म्हणजे ती गंमत शोधायला पोरगा रोज हायवेवर जाणार. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, तेही खिशाला विचारा. निर्णय तुमचा. पण पैसे भरण्याआधी त्याला माझ्याकडे घेऊन या. माझ्या जुन्या दीडशेवर मोकळ्या मैदानात साठच्या वेगात ब्रेक मारून दाखवू दे, मग बोलू.

फलटण: सहा हजार आरपीएमला फोरच्या हँडलमध्ये मुंग्या येतात. इंजिन गेलं का?

गेलेलं नाही. फोरची मुख्य थरथर आपसांत मिटते, पण क्रँकच्या दुप्पट वेगाची बारीक थरथर उरते. सहा हजारांना सेकंदाला दोनशे झटके. म्हणून कंपनी हँडलच्या टोकांना वजनं बसवते. तुमच्या फोटोत तिथं फॅन्सी आरसे दिसतायत. काढलेली वजनं घरात कुठंतरी असतील, ती लावून चालवून बघा. तरीही मुंग्या आल्या तर थ्रॉटल बॉडीचं सिंक (चारही सिलिंडरना हवा सारखी मिळते का ते) तपासावं लागेल, तेव्हा गाडी घेऊन या. आरसे घरी ठेवून या.