प्रयोगाआधी अंदाज लिहून घ्या

आपला प्रश्न असा आहे की सहावी ते आठवीच्या वर्गात 40 मुले, 35 मिनिटांची तासिका आणि वेगळी प्रयोगशाळा नाही, अशा स्थितीत प्रयोग कसे घ्यावेत. आणि मुले प्रयोगात रमत असली तरी निरीक्षणाच्या जागी पुस्तकातलेच वाक्य उतरवतात, त्यावर काय करावे. गोव्यातील शाळांत अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दुसरा प्रश्न सुटला की पहिला बराचसा सोपा होतो.

साहित्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने ‘काय होईल आणि मला तसे का वाटते’ हे दोन ओळींत पेनाने लिहावे. पेन्सिलीने लिहिले की मुले नंतर हळूच खोडतात. आपल्याकडे पाचवीपासून विज्ञान बहुधा इंग्रजीतून शिकवले जाते, म्हणून अंदाज आणि निरीक्षण मात्र मराठीत किंवा कोकणीत लिहू द्यावे. पुस्तकातले वाक्य उतरवण्यामागे आळसापेक्षा शब्द हाताशी नसणे हेच कारण अधिक असते.

मेणबत्तीचा जुना प्रयोग घ्या. ताटात रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते, आणि हवेतील पाचवा हिस्सा ऑक्सिजन संपला म्हणून पाणी तितके चढले, असे आपण सांगून मोकळे होतो. मीही कित्येक वर्षे तसेच सांगितले. एकदा सातवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, ‘ज्योत जळत होती तेव्हा पाणी जवळजवळ चढलेच नाही, विझल्यावर भरभर चढले.’ तिचे निरीक्षण अचूक होते आणि माझे स्पष्टीकरण चुकीचे. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असते तर ते ज्योत जळत असतानाच सावकाश चढायला हवे होते. शिवाय ज्योत विझते तेव्हा पेल्यातला ऑक्सिजन पुरता संपलेलाही नसतो आणि जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. खरे कारण मुख्यतः उष्णतेचे आहे: पेला ठेवताना आतली हवा तापून प्रसरण पावते, तिचा काही भाग काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते तेव्हा बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. पुढच्या तासिकेला त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेल्यातला ऑक्सिजन तितकाच असूनही पाणी अधिक वर चढते. या दोन तासांवरून मी कोणतेही आकर्षक उपकरण ओवाळून टाकीन.

आम्ल आणि आम्लारी शिकवताना लिटमसच्या जोडीला सोलांचे, म्हणजे सुकवलेल्या कोकमाच्या सालींचे, पाणी वापरून पाहा. खाण्याचा सोडा घातला की ते फसफसते आणि लाल रंग जाऊन काळपट छटा येते, पण लिंबू पिळल्यावर रंगात फारसा फरक पडत नाही. इथे मुले गोंधळतात, आणि हा गोंधळ लगेच दूर करू नये. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क मात्र लिंबानेही गडद गुलाबी होतो. मग एखादे मूल आपणहून म्हणते की सोलां आंबटच असतात, म्हणजे ते पाणी आधीपासूनच आम्ल आहे. ही चर्चा होईपर्यंत मी फळ्यावर काहीच लिहीत नाही.

आपल्या हवामानाचा विचार करूनच वर्षाचे नियोजन करावे. जून ते सप्टेंबर या काळात स्थिर विद्युतचे प्रयोग हाती घेऊ नयेत; दमट हवेत घासलेल्या फुग्यावरचा भार टिकत नाही, कागदाचे कपटे हलत नाहीत आणि मुलांना वाटते की आपलेच काही चुकले. तो पाठ डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावा. बाष्पीभवन उन्हाळ्यात घ्यावे. खुल्या समुद्राच्या 1 लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून 100 मिलिलिटर पाणी पसरट थाळीत उन्हात आटवले की तळाशी तीन-साडेतीन ग्रॅम मीठ उरावे. नदीच्या मुखाजवळचे पाणी घेतले तर ते कमी भरते, कारण तिथे गोडे पाणी मिसळलेले असते. आगरवाड्याची किंवा नेरूलची मिठागरे पाहिलेली मुले खोल भांडे न घेता पसरट थाळी का घ्यायची, हे कोणी न सांगता ओळखतात.

40 मुलांचे चार-चारांचे 10 गट करावेत, आणि साहित्य आणणे, प्रयोग करणे, वेळ मोजणे व लिहिणे ही कामे दर आठवड्याला फिरती ठेवावीत, अन्यथा हुशार मुलगाच हाताळतो आणि बाकीचे पाहत राहतात. मेणबत्तीच्या प्रयोगात केस बांधलेले असावेत आणि ओले फडके व पाण्याची बादली हाताशी असावी. कार्बन डायऑक्साइड ओळखण्यासाठी लागणारी चुन्याची निवळी शिक्षकांनीच आधी तयार करून आणावी, कारण चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. तासिकेची शेवटची 10 मिनिटे काही झाले तरी लिहिण्यासाठी मोकळी ठेवा. वेळ कमी पडला तर प्रयोग अर्धा राहू द्यावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी घ्यावा.