थंडरबर्डमध्ये अटॅचमेंट दिसत नाही? आधी मेलचा सोर्स उघडा

तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं की पीडीएफ दिसते, तोच मेल थंडरबर्डमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये) उघडला की काही मेलना अटॅचमेंटच नाही, आणि तुमच्या सीएंच्या मेलमध्ये नुसती विनमेल डॉट डॅट नावाची फाइल येते, बरोबर ना? ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. आणि कुणी रीइन्स्टॉल करा म्हणालं तर ऐकू नका, थंडरबर्ड काढून परत टाकलं तरी प्रोफाइल, म्हणजे तुमचा डेटा ठेवलेला फोल्डर, जुनंच राहतं, सेटिंग्ज त्याच, मेल तेच, फुकट तासभर जातो.

सेटिंगला हात लावायच्या आधी फाइल तुमच्यापर्यंत आली आहे का ते बघा. मेल उघडून कंट्रोल यू दाबा, मेलचा कच्चा मजकूर येईल. घाबरू नका, सगळं वाचायचं नाहीये. खाली जात जात कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन पीडीएफ अशी ओळ शोधा. तिच्याखाली थोडं सोडून अगम्य अक्षरांचा ठोकळा सुरू होतो, ती बेस64 केलेली, म्हणजे मेलमधून पाठवता यावी म्हणून साध्या अक्षरांत बदललेली, तुमची फाइल. पीडीएफ असेल तर ठोकळ्याची सुरुवातच कॅपिटल जे, व्ही, बी, ई, आर अशी असते, एकदा पाहिलं की नंतर लांबूनही ओळखू येतं. हे दिसलं म्हणजे फाइल आली आहे, फक्त दाखवली जात नाहीये.

मग थोडं वर जा आणि ती फाइल कुठल्या मल्टिपार्टच्या (म्हणजे मेलचे भाग एकत्र ठेवणाऱ्या डब्याच्या) आत बसवली आहे ते बघा. मल्टिपार्ट मिक्स्ड असेल तर ठीक. पण मल्टिपार्ट अल्टरनेटिव्ह असेल तर चोर सापडला. अल्टरनेटिव्ह म्हणजे एकाच मजकुराची दोन-तीन रूपं, त्यातलं एक निवडून दाखव, असं मेल प्रोग्रामला सांगणं. बिलं आपोआप पाठवणारी काही सॉफ्टवेअर पीडीएफ पण त्याच्यातच कोंबतात, मग थंडरबर्ड एचटीएमएल दाखवतं आणि पीडीएफ सोडून देतं. चूक पाठवणाऱ्याची आहे खरंतर, पण त्यांच्याशी भांडण्यापेक्षा हे करा: सेटिंग्ज, जनरल, अगदी खाली कॉन्फिग एडिटर, तिथे शो ऑल बॉडी पार्ट्स मेनू शोधा (इंग्रजीत, स्पेसच्या जागी अंडरस्कोर) आणि ट्रू करा. मग ऑल्ट दाबून वरचा मेनू आणा, व्ह्यू, मेसेज बॉडी ॲज, ऑल बॉडी पार्ट्स. कायम तसंच ठेवू नका, बाकीचे मेल विचित्र दिसतात, काम झालं की परत ओरिजिनल एचटीएमएल.

ठोकळा मध्येच तुटलेला असेल, म्हणजे शेवटी दोन डॅशने संपणारी बाउंड्रीची (मेलचे भाग वेगळे करणारी) ओळच नसेल, तर मेल अर्धाच उतरलाय. अकाउंट सेटिंग्जमध्ये ठराविक केबीपेक्षा मोठे मेल डाउनलोड करू नका असा एक पर्याय असतो, त्यावर टिक असेल तर काढा. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. अकाउंट आयमॅपचं (मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीचं) असेल तर मेल सर्व्हरवरून परत येतात, वेळ लागतो, लागू द्या. अँटीव्हायरस मेल स्कॅन करत असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद करून बघा.

आणि फाइल सोर्समध्ये नाहीच, तर ती अटॅचमेंट नव्हतीच. 25 एमबीच्या वर गेलं की जीमेल स्वतःच ड्राइव्हची लिंक टाकतं, ती मेलच्या मजकुरात असते.

आता सीएंचं. ते आउटलुक वापरतात आणि मेल रिच टेक्स्टमध्ये जातो, त्यामुळे मजकुराची सजावट आणि फाइली सगळं एका गाठोड्यात बांधून पाठवलं जातं, तेच ते विनमेल डॉट डॅट. फाइली आत शाबूत असतात. थंडरबर्डसाठी लुकआउट नावाचं ॲडऑन (वरून टाकायची जोडणी) आहे, ते या फाइली बाहेर काढून दाखवतं, तुमच्या व्हर्जनला चालत असेल तर टाका. पण मुळावर घाव त्यांच्याकडेच घालायला हवा, त्यांना सांगा फाइल, ऑप्शन्स, मेल इथे जाऊन फॉरमॅट एचटीएमएल करायला, तरी येतच राहिलं तर त्यांच्या काँटॅक्टमध्ये तुमच्या पत्त्यापुरतं रिच टेक्स्ट लावलेलं असू शकतं. ही फाइल उघडून देणाऱ्या ऑनलाइन साइट्स भरपूर आहेत पण तुमचा पॅन आणि फॉर्म 16 त्यात आहे हो, कुठेही अपलोड नका करू.

एवढं करून नाही जमलं तर सोर्समधल्या फक्त कंटेंट-टाइप आणि कंटेंट-डिस्पोझिशनच्या ओळी इथे टाका. पूर्ण सोर्स पेस्ट करू नका, त्यात ईमेल पत्ते असतात आणि त्या ठोकळ्यातून कुणीही तुमची पीडीएफ परत बनवू शकतो.