नारायण सुर्वे म्हणजे फक्त घोषणा देणारे कामगार-कवी का? ते नेमकं लिहायचे कसे, आणि त्यांच्यावर प्रभाव कुणाचा?

तुम्ही म्हणता, शाळेत सुर्व्यांची तळपत्या तलवारीची एकच कविता वाचली आणि पुढे काही वाचावंसं वाटलं नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मी परळ भागातल्या महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो, आणि माझं मत बदललं ते प्रवेशाच्या टेबलावर.

नोकरीचं पहिलं वर्ष, जून महिना, दाराबाहेर रांग. एक बाई मुलाला घेऊन आली. मुलाचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, मग वडिलांचं नाव विचारलं. ती गप्प. मी परत विचारलं, जरा मोठ्यानं. मागच्या रांगेनं ऐकलं. तिनं मान खाली घातली, मुलाचा हात धरला आणि निघून गेली. ती परत आली नाही.

त्या रात्री मला सुर्व्यांची 'तुमचंच नाव लिवा' आठवली. डी.एड.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. वेश्यावस्तीतली एक आई पोराला शाळेत घालायला आली आहे. बापाचं नाव काय सांगणार? ती मास्तरालाच सांगते, तुमचंच लिवा. बोलते ती, ऐकतो मास्तर. तिच्या बोलण्यावर कवी स्वतःचं एक वाक्यही चढवत नाही. तिची कीव करत नाही, समाजाला झोडपत नाही. सुर्व्यांची लिहिण्याची पद्धत मला इथे सापडली. ते समोरच्याला बोलू देतात आणि त्याची भाषा दुरुस्त करत नाहीत.

आता त्यांचं आयुष्य या कवितेशेजारी ठेवून पाहा. 1926 मध्ये टाकून दिलेलं एक तान्हं मूल, म्हणजे सुर्वे, मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या गंगाराम सुर्वे यांना सापडलं. गंगाराम आणि काशीबाईंनी त्याला घरी नेलं, नाव दिलं, चौथीपर्यंत शिकवलं. पुढे गंगाराम काम सुटल्यावर कोकणात गावी गेले, तेव्हा पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून गेले. पोरगा दहाबारा वर्षांचा. मग हॉटेलात, घरकामाला, गिरणीत, जे मिळेल ते. महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, नोकरी करत परीक्षा दिल्या आणि मास्तर झाले. ज्याचं स्वतःचं आडनाव एका गिरणी कामगारानं दिलेलं, त्याच्या मास्तरापुढे ती आई उभी आहे! मी ती कविता इतक्या वेळा वाचली आहे, तरी या ठिकाणी माझा आवाज अजून अडकतो.

प्रभावाबद्दल विचारलंत. पुस्तकांआधी गिरणगाव, कम्युनिस्ट चळवळ, आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर यांची शाहिरी. मैदानात हजारो माणसांपुढे शब्द टिकला पाहिजे, हे त्या शाहिरीनं दाखवलं. 'डोंगरी शेत माझं गं' हे चळवळीत गावोगाव गायलं गेलेलं गाणं सुर्व्यांचं, आणि तेही बाईच्याच तोंडी आहे. मार्क्सवरची कविता घ्या. पहिल्या संपाच्या मिरवणुकीत कवीच्या खांद्यावर मार्क्सचा बॅनर आहे, पण तो कोण हे त्याला जानकी अक्का सांगते. तिच्या तोंडी तो 'मारकस बाबा' होतो. आपल्याकडे जसा एखादा संत घरचा होतो, तसा. याला घोषणा कोण म्हणेल?

घोषणा त्यांच्याकडे नाहीतच असं मी म्हणणार नाही. काही कविता सभेसाठी लिहिलेल्या वाटतात आणि कागदावर त्या थकतात. माझ्या मते ते सर्वांत मोठे आहेत ते 'मी' बाजूला ठेवतात तिथे. 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) या पहिल्या संग्रहात 'मी' बराच उसळतो. 'माझे विद्यापीठ' (1966) मध्ये रस्त्यावरची माणसं पुढे सरकतात. पुढे 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, 1998 मध्ये पद्मश्री, हे सगळं झालं; 2010 मध्ये ते गेले. सन्मानांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव वडिलांच्या नावाआधी आणलं आहे. ही मुलं पहिलीत येतील तेव्हा माझ्या टेबलावरचा तो प्रश्न थोडा वेगळा झालेला असेल. ती बाई आज आली असती तर मी आधी तिचं नाव विचारलं असतं.

सुरुवात 'माझे विद्यापीठ'पासून करा. मनात वाचू नका, घरात कुणाला तरी वाचून दाखवा. आणि वाचताना 'लिवा'चं 'लिहा' करू नका.