शंका-समाधान : पडद्यावरचं माप कागदावर

प्रश्न : सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग संगणकावर काढून घरच्या लेझर प्रिंटरवर छापतो. ४० पायांची आयसी (चिप) प्रिंटवर ठेवली की एका टोकाचे पाय बरोबर बसतात, दुसऱ्या टोकाचे सरकतात. ड्रॉइंगमध्ये चूक नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : या आयसीच्या दोन शेजारच्या पायांत २.५४ मिमी अंतर असतं. एका रांगेत २० पाय, म्हणजे १९ अंतरं, एकूण ४८.२६ मिमी. प्रिंट ९७ टक्क्यांवर आली तर हेच माप ४६.८१ मिमी भरतं. दीड मिमीची ही तूट शेवटच्या पायाला थेट दोन छिद्रांच्या मधे नेऊन ठेवते.

लेझर प्रिंटरला कडेपर्यंत छापता येत नाही, चारही बाजूंना साधारण ४ मिमी सुटतात. पान उरलेल्या जागेत मावावं म्हणून सॉफ्टवेअर ‘फिट’ धरून चालतं आणि न विचारता चित्र लहान करतं. ॲडोबी रीडरमध्ये ‘ॲक्चुअल साइज’ निवडा. ब्राउझरमधून छापत असाल तर स्केल ‘कस्टम’ करून १०० लिहा. मग प्रिंटरच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथेही ‘फिट टू पेज’ची वेगळी खूण असू शकते, तीही काढा. त्याच जागी कागद ‘लेटर’ तर नाही ना, हे बघा. लेटरची उंची २७९.४ मिमी, ए४ची २९७. ए४चं पान लेटरमध्ये कोंबलं की ते ९४ टक्क्यांवर येतं.

फाइल पीडीएफच करा. पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, द्यायचीच असेल तर तिच्यात डीपीआय (एका इंचात किती ठिपके) नोंदलेला हवा. ३०० डीपीआयला १०० मिमी म्हणजे ११८१ पिक्सेल. नोंद नसेल तर बरीच सॉफ्टवेअर ९६ धरतात आणि चित्र तिपटीहून मोठं होतं.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन कायमचा ठेवा आणि आडवी-उभी दोन्ही बाजू स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टीचं टोक झिजलेलं असतं, म्हणून शून्याऐवजी १० सेमीच्या खुणेपासून मोजलेलं बरं. पट्टी हाताशी नसेल तर एटीएम कार्ड चालतं : लांबी ८५.६ मिमी, रुंदी ५४ मिमीला किंचित कमी. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात कमी भरल्या तर दोष सेटिंगचा. एकच बाजू चुकली तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : इंकजेटवर १५० मिमीचं वर्तुळ छापलं. आडवं १५० भरतं, उभं १४९. स्केल १०० टक्केच आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी दोष फाइलचा की यंत्राचा ते ठरवा. ड्रॉइंग ९० अंशांत फिरवून पुन्हा छापा. आता चपटेपणा चित्राबरोबर फिरला तर फाइल बिघडलेली आहे. बहुधा वर्डमध्ये चित्र कोपऱ्याऐवजी बाजूच्या ठिपक्याने ओढलं गेलं असेल. चपटेपणा कागदाच्या लांबीतच राहिला तर कागद ओढणारे रोलर नीट पकडत नाहीत. आडव्या दिशेला शाई सोडणारं हेड प्रिंटरच्या आतल्या पट्टीवरच्या खुणा वाचत सरकतं, म्हणून ते माप सहसा चुकत नाही. लांबी मात्र कागद किती पुढे सरकला यावर अवलंबून असते.

रोलर ओलसर, सूत न सुटणाऱ्या कापडाने पुसा. ‘पेपर टाइप’ खऱ्या कागदाप्रमाणे ठेवा. जाड कार्ड मागच्या ट्रेतून घाला, पुढच्या ट्रेतून ते वळण घेताना घसरतं. ‘बॉर्डरलेस’ बंद हवं, कारण त्यात चित्र मुद्दाम थोडं फुगवलं जातं. एवढं करूनही तूट राहिली आणि तीन प्रिंटांत सारखीच भरली, तर ड्रॉइंगची फक्त उंची १५० भागिले १४९, म्हणजे १००.६७ टक्के करा. दर वेळी वेगळी भरत असेल तर या गणिताच्या नादी लागू नका, यंत्रच दुरुस्तीला आलं आहे.

उभ्या रेषा नागमोडी दिसत असतील तर ते दुखणं वेगळं. हेड अलाइनमेंट करा आणि ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ (हेडने जाता-येता दोन्ही वेळा छापणं) बंद करा.

प्रश्न : ब्लाउजचा पॅटर्न अनेक ए४ कागदांवर छापून जोडते, पण शेवटी कडा जुळत नाहीत. – एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲडोबी रीडरमध्ये ‘पोस्टर’ घ्या, ‘टाइल स्केल’ १०० ठेवा, ओव्हरलॅप साधारण १० मिमी द्या, ‘कट मार्क्स’ आणि ‘लेबल्स’वर खूण करा. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या हव्यात, नाहीतर प्रत्येक पान थोडं तिरकं छापलं जातं. पहिल्या उत्तरातल्या १०० मिमीच्या चौकोनाची एक बाजू कागदाच्या कडेपासून किती दूर आहे, ते तिच्या दोन्ही टोकांना मोजा. अंतरं वेगळी भरली तर पान तिरकं आहे.

कागद चिकटवताना मधल्या पानापासून बाहेर जा. एका टोकापासून सुरुवात केली की अर्ध्या अर्ध्या मिमीच्या चुका साचत जाऊन सगळ्या दुसऱ्या टोकाला निघतात.

प्रश्न : झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग पाठवलं तर माप बदलतं का? – एक वाचक, पणजी

उत्तर : फोटो म्हणून पाठवलं तर हो, कारण पिक्सेल कमी होतात. पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि ‘ॲक्चुअल साइजवर काढा’ असं तोंडी सांगा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला १०० मिमीचा चौकोन दुकानातच मोजून मग पैसे द्या.