रिफ्रॅक्टोमीटरवर (खडा प्रकाश किती वाकवतो, म्हणजे त्याचा अपवर्तनांक, मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही माणकांचं रीडिंग सारखंच येतं, मग नैसर्गिक कोणतं आणि कृत्रिम कोणतं हे कसं ओळखायचं?

रीडिंग सारखंच येणार. दोन्हींत ॲल्युमिनिअम ऑक्साइडच असतं आणि लाली क्रोमियमची असते. अपवर्तनांक साधारण १.७६२ ते १.७७०, विशिष्ट गुरुत्व ४.०० च्या आसपास. म्हणजे हे माणिक आहे, काच किंवा स्पिनेल (माणकासारखं दिसणारं दुसरं रत्न) नाही, एवढं रिफ्रॅक्टोमीटरनं कळतं. ते जमिनीत वाढलं की भट्टीत, हे मात्र आत डोकावूनच ठरवावं लागतं.

आधी खडा नीट पुसा, नाहीतर वरची धूळ आतली वाटते. मग दहापट भिंग, जमल्यास मायक्रोस्कोप घ्या आणि पातळ पांढऱ्या कागदाआडून प्रकाश येऊ द्या. सर्वांत स्वस्त कृत्रिम माणिक व्हर्नुइल पद्धतीचं. त्यात वितळलेली पूड गोलसर माथ्यावर थरांनी साचते, म्हणून वाढीच्या रेषा वक्र असतात. नैसर्गिक स्फटिकाच्या बाजू सपाट, त्यामुळे तिथे रेषा सरळ किंवा कोनात वळलेल्या. वक्र रेषा वरच्या सपाट पैलूतून सहसा दिसत नाहीत. खडा बाजूनं, मागून, हळूहळू फिरवत पाहा. पैलूंची चमक आड येत असेल तर पाण्यात बुडवून पाहा. पैलूच्या कडेशी थांबणारी रेघ पॉलिशची असते. वाढीची रेष कड ओलांडून पुढे जाते. इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

नुसते बुडबुडे पाहून कृत्रिम म्हणू नका. शिशाची काच भरलेल्या नैसर्गिक माणकातही ते असतात. तिथे खडा हलवला की भेगांतून निळी किंवा केशरी झळक मारते. ६० अंशांत छेदणाऱ्या रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया नैसर्गिकपणाच्या बाजूनं बोलतात, पण जास्त तापवल्यावर त्या विरघळतात. म्हणून त्या नसल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

फ्लक्स पद्धतीचं (वितळलेल्या रसायनात सावकाश वाढवलेलं) माणिक खरं अवघड. त्यातले पिळदार, धूसर पापुद्रे नैसर्गिक खड्यातल्या बोटठशांसारखे (भरून आलेल्या भेगांच्या नक्षीसारखे) भासतात. सोबत प्लॅटिनमचे चकचकीत त्रिकोणी किंवा षट्कोनी पत्रे सापडले तर निकाल लागला.

स्पिनेलमध्ये मात्र रिफ्रॅक्टोमीटर उपयोगी पडतो: नैसर्गिक साधारण १.७१८, व्हर्नुइलचं १.७२८.

आत काहीच दिसत नसेल तर नोंदवहीत ‘माणिक, उगम अनिश्चित’ असं लिहा आणि खडा प्रयोगशाळेत पाठवा.