समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, तरी एलजीबीटीआय (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स, इंटरसेक्स) लोकांवर आणखी संशोधन कशाला हवं?

कारण माहिती नव्हती म्हणून एकदा आमचे हक्क गेलेत.

११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल फिरवला आणि आम्ही समलिंगी माणसं पुन्हा गुन्हेगार ठरलो. त्या निकालातली दोन कारणं बघा. एक, असे लोक देशात अगदी नगण्य. दुसरं, दीडशे वर्षांत ३७७खाली दोनशेहूनही कमी जणांवर खटले. हे दोनशे म्हणजे कोर्टांच्या छापून आलेल्या निकालांत सापडलेले. घरी सांगू अशी धमकी देऊन ज्यांच्याकडून पैसे उकळले, ते त्यात कसे येणार? तक्रार करायची तर आधी स्वतःचाच 'गुन्हा' कबूल करावा लागत होता! नोंद नाही, म्हणजे त्रास नाही, असं धरलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१८च्या घटनापीठाने ही चूक सुधारली, पण मधली पावणेपाच वर्षं गेली ती गेलीच.

संशोधन अजिबात झालं नाही असं नाही. पण बराचसा पैसा एचआयव्हीसाठी आला, म्हणून प्रश्नही तेवढेच विचारले गेले. ते काम गरजेचं होतं, त्याने जीव वाचले. मात्र भाड्याने घर मिळतं का, शाळा का सुटली, म्हातारपणी कोण बघतं, हे मागे राहिलं. लेस्बियन स्त्रिया एचआयव्हीच्या जोखीम गटात बसत नाहीत, त्यामुळे त्या कागदावर जवळजवळ नाहीतच. इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः शरीर ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या बाळांचं तर विचारूच नका. तान्ह्या बाळांवरच्या अनावश्यक लिंग-शस्त्रक्रियांना तमिळनाडूने २०१९मध्ये बंदी घातली. तसा नियम महाराष्ट्रात मागायला गेलं की पहिला प्रश्न येणार, अशी ऑपरेशनं होतात तरी किती?

आणि नुसता आकडा असून भागत नाही. २०११च्या जनगणनेत लिंगाच्या 'इतर' रकान्यात ४,८७,८०३ लोक आले. त्यातली जवळपास ५५ हजार सहा वर्षांपर्यंतची मुलं! त्यांच्याबद्दल घरातल्या मोठ्यांनीच सांगितलं असणार. उलट ज्या तरुण ट्रान्स मुलीला घरचे मुलगाच म्हणतात, तिची नोंद 'पुरुष' अशीच होते, कारण प्रगणकाशी बोलतो कुटुंबप्रमुख. जागतिक बँकेसाठी अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी २०१४मध्ये आमच्याशी होणाऱ्या भेदभावाची भारताला पडणारी किंमत मांडली, ती जीडीपीच्या ०.१ ते १.७ टक्के. सतरा पटींची ही तफावत माहितीच्या तुटवड्यामुळेच आहे.

म्हणून माझं मत, लिंग आणि लैंगिकतेबद्दलचे प्रश्न घरच्यांसमोर विचारूच नयेत. ज्याने त्याने ते एकट्याने भरावेत, उत्तर न देण्याची मुभा असावी, आणि नाव-पत्ता उत्तरांपासून वेगळा ठेवावा. आमच्यातल्या लोकांना फक्त मुलाखती द्यायला बोलावू नका. प्रश्नावली ठरवायलाही बसवा, आणि त्या कामाचे पैसे द्या. नावांची यादी फुटली तर एखाद्याचं घर आणि नोकरी दोन्ही जाईल. हे सांभाळता येत नसेल, तर ते सर्वेक्षण करू नये.